गुऱ्हाळवाल्या काकांचा भुसभुशीत बर्फ

बर्फाला कधी हात न लावता बर्फाची पारख करणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच होता, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. कागलच्या वाटेवर काकांचं गुऱ्हाळ. ऊस संपून चुलाण थंड व्हायला मार्चअखेर उजाडे, आणि त्याआधी गाव सोडणं त्यांना मांडवातून नवरदेवानं उठून जाण्यासारखं वाटे. अशा माणसानं मोबाइलवर बर्फावरून घसरणारी माणसं पाहिली आणि पासष्टीत स्कीइंग करायचं मनात घेतलं. त्यामुळे दरवर्षी प्रश्न एकच: हंगाम सरताना कोरडा, भुसभुशीत बर्फ कुठं उरतो?

हॉटेलवाल्यांच्या फोटोंवर त्यांचा विश्वास नव्हता. "फोटूत गूळबी पिवळाधमक दिसतोय," म्हणायचे आणि थेट फोन लावायचे. औलीच्या एका हॉटेलवाल्याला त्यांनी जेवणावरून उठवून अंगणात पाठवलं. "पावणं, मुठीमें दाबके देखो. गोळा होता, की भुगाच रहता?" गोळा होतोय, असं कळताच "मंग पाक बिघडला की तुमचा!" असं मराठीत सुनावून फोन ठेवला. औली बाद. मनालीकडचा एक उतार दुपारच्या उन्हात येतो, म्हणून तोही बाद. मावशी भाकरी थापताना म्हणे, "हिमालय वितळंल, पर ह्यांचं ठरायचं न्हाय."

गेल्या हंगामात त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. एके दिवशी गुऱ्हाळावर, उकळत्या रसाच्या वाफेत मला म्हणाले, "तू पुस्तकं वाचणारा. गुलमर्गचा वरचा उतार बरा, का आणिक दुसरा कुठला? तू म्हणशील तिथं जायाचं. औंदा न्हाय तर कवाच न्हाय."

मी म्हणालो, "वाचून सांगतो."

आणि खरंच वाचत बसलो. उंची, उताराची दिशा, वारा. तीन आठवडे गेले. उत्तर निघालं ते गुलमर्गच: वरचा, उत्तरेकडे तोंड केलेला उतार. कागद घेऊन सांगायला निघालो, त्याच सकाळी मावशीचा फोन आला. काका झोपेतच गेले होते.

तेराव्यानंतर तो कागद मी मावशीपुढं ठेवला. तिनं चष्मा लावला, शेवटची ओळ तेवढी वाचली.

"गुलमर्गच तर म्हणत हुते की रं ते," ती म्हणाली. "तू व्हय म्हणायची तेवढी वाट बघत हुते."

तिनं कागदाची घडी घालून तो उशीखाली ठेवला. मी परत मागितला नाही.