मुक्ताच्या गुडघ्यासाठी पुण्याला

कोल्हापूरहून सकाळची एस.टी. धरली. मुक्ता खिडकीशी बसली आणि डावा पाय तिने माझ्या बाजूला लांब केला. माझी ही मुलगी कॉलेजच्या फुटबॉल संघात बचावफळीत खेळायची. एका सामन्यात बाजूने धडक बसली आणि गुडघ्यातलं लिगामेंट (हाडांना धरून ठेवणारा बंध) तुटलं. शस्त्रक्रियेला आता दहा महिने झाले होते. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. मात्र सुरुवातीला बिजागरीचा पट्टा लावायचा आणि तो पुण्यातून मापाने करून आणायचा, असं सांगितलं. मी हो म्हटलं. मनातून मात्र वाटत होतं, पुण्यात कुणीतरी हा पाय बघेल आणि म्हणेल, पुरे झाला खेळ.

स्वारगेटला उतरून रिक्षाने सदाशिव पेठेत गेलो. क्लासच्या मुलांच्या स्कूटरींमधून वाट काढत एका दवाखान्यामागचं दुकान सापडलं. पट्टे बनवणाऱ्या कुमुदताई सत्तरीच्या. त्या उठल्या तेव्हा साडीखाली लोखंड वाजलं. लहानपणी पोलिओ झालेला, तेव्हापासून पायात कॅलिपर (आधाराची लोखंडी चौकट).

"कोल्हापूर? म्हणजे फुटबॉलच," त्या म्हणाल्या आणि मुक्ताच्या मांडीभोवती टेप गुंडाळू लागल्या.

मुक्ताने विचारलं, "हे खेळाडूंसाठी कुणी शोधून काढलं?"

"आधी हे आमच्यासारख्यांसाठी होतं. लोखंड, चामडं, बिजागरी. उभं राहता यावं म्हणून. मग अमेरिकेत खेळाडूंचे गुडघे जायला लागले. त्यांचा फुटबॉल वेगळा, अंगावर धावून जातात. तिकडच्या डॉक्टरांनी आणि कारागिरांनी मिळून पळता येईल अशी हलकी चौकट केली. पुढे तर धडधाकट खेळाडूंनाही घालायला लावली, बाजूचा मार लागू नये म्हणून."

"मग लागायचं थांबलं?" मी विचारलं.

"त्यावर त्यांचं अजून एकमत नाही. पट्टा बाजूचा धक्का थोडा झेलतो. पाय जागच्या जागी पिळला गेला, तर हा काही देव नाही."

मुक्ता आतल्या खोलीत बूट घालायला गेली तेव्हा मी हळूच म्हटलं, "ताई, तुम्हीच सांगा ना तिला, खेळ सोड म्हणून."

"अहो, मी पट्टे बनवते. निरोप पोचवत नाही." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "माझी आई मला शाळेत उचलून न्यायची. कॅलिपर आल्यावर मला चालायची फार भीती वाटायची. तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तिने मला खाली ठेवलंच नसतं."

मुक्ता बूट घालून बाहेर आली, तशी मी बाजूला सरकले.

पट्टा दुसऱ्या दिवशी मिळणार होता. संध्याकाळी मंडईत गेलो. मी एक अंजीर दाबून पाहिलं, तर विक्रेता म्हणाला, "बाई, अंजीर आहे ते. दारावरची बेल नाही." मुक्ता इतकी हसली की मी अंजिरं जरा जास्तच घेतली.

दुसऱ्या दिवशी कुमुदताईंनी पट्टा चढवला. दोन्ही बाजूंना सळ्या, गुडघ्याशी बिजागऱ्या आणि समोरच्या मुलीला लोखंड लागू नये म्हणून वरून जाड गादी. "पंचांना आधी दाखवायचा," त्यांनी बजावलं. "आणि आज पळून बघ. घरी गेल्यावर तक्रार नको."

जवळच्या मैदानावर काही मुली सराव करत होत्या. त्यांनी मुक्ताला लगेच खेळायला घेतलं. एक मुलगी चेंडू घेऊन तिच्या डाव्या अंगाने आली आणि मुक्ता बाजूला झाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. मग ती सरळ माझ्याशेजारी येऊन बसली. पट्टा पोटरीवर घसरला होता.

"सैल झालाय," ती म्हणाली.

मी तिच्यापुढे बसून पट्ट्याचे बंद सोडले, पुन्हा आवळले. "भीती वाटते?"

ती गवत उपटू लागली. "वाटते. तुला सांगितलं की तू नाहीच म्हणणार."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. 'नाही' माझ्या ओठांवर आलंच होतं. ते गिळून मी म्हटलं, "माझ्यापासून सुरुवात कर. मी येते चेंडू घेऊन."

"तू?"

मी पदर खोचला. मुलींनी टाळ्या पिटल्या, "काकू, कम ऑन!" मी चेंडू ढकलत तिच्या डाव्या अंगाने निघाले. मुक्ता क्षणभर जागीच थिजली. मग पाय पुढे घालून तिने चेंडू अलगद काढून घेतला आणि मी साडीत अडकून आडवी झाले. गुडघा माझा खरचटला. मला उठवताना ती हसत होती, रडतही होती. मग म्हणाली, "आई, परत ये." मी चार वेळा गेले. पाचव्यांदा मुली आल्या आणि ती हटली नाही.

परतीच्या गाडीत कात्रजचा बोगदा मागे पडेपर्यंत तिला झोप लागली. दहा महिने मी तिच्या गुडघ्याची काळजी केली, पण तिला काय वाटतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. पट्टा काय, कुणीही तिला नेऊन आणला असता. मी सोबत गेले, हे बरं झालं.

रविवारी तिचा पहिला सामना होता. वीस मिनिटं खेळल्यावर तिने स्वतःच हात वर करून बदली खेळाडू मागितली आणि प्रेक्षकांच्या पायऱ्या चढून माझ्याजवळ आली.

"आज एवढंच," ती म्हणाली. "आता भीती वाटायला लागली."

मी पिशवी बाजूला घेतली. ती पाय लांब करून बसली आणि आम्ही दोघींनी उरलेला सामना बघितला.