काकूंचं पातेलं आणि माझी पावडर

मळवलीच्या फलाटावर आईनं माझ्या ट्रंकेत शेवटची वस्तू कोंबली ती राखेची पुरचुंडी. "तितं राकेलचा इष्टो हाय म्हनं, चूल न्हाई. मंग राख कुटनं आनशील? कुनाचं भांडं आनलंस तर लख्ख घासून दे. बोलाय जागा ठेवू नगं." नवऱ्याला देहूरोडच्या डेपोत नोकरी लागली होती, क्वार्टर मिळालं होतं, आणि मी भाजं गाव सोडून, राख घेऊन, संसाराला निघाले होते.

गावात राहिलेल्या भावजयांनो, तुम्हाला वाटतं मी तिकडे जाऊन शहाणी झाले. ऐका मग. राख महिन्यात संपली. दुकानदारानं दोन पावडरी पुढे केल्या. एक सुटी, वाळूसारखी खरखरीत. दुसरी पुड्यातली, वासाची. मी ऐटीत वासाची घेतली आणि राखेसारखी मूठभर ओतली. क्वार्टरांच्या नळावर फेस असा मातला की बाया लुगडी सावरून मागे सरल्या. पाणी गेलं, फेस राहिला. जेवताना नवरा म्हणाला, "आज वरणाला फोडणी साबणाची का?" चिमूटभर पुरते, हे कळायला मला अख्खा पुडा लागला.

इथवर हसा. पुढचं आठवलं की माझं अजून डोकं तापतं.

बुद्धजयंतीची खीर करायची होती. छप्पन साली आम्ही धर्म बदलला होता, आणि मी खुळी समजत होते, बदलला म्हणजे मागचं सगळं संपलं. शेजारच्या काकूंचं मोठं जर्मनचं पातेलं मागून आणलं. परत देताना तोंड दिसेल इतकं घासलं. काकू म्हणाल्या, "अगंबाई, नवंच वाटतंय!" मी फुगले. थोड्या वेळानं नळावर गेले, तर काकू तेच पातेलं बंबातल्या राखेनं घासत होत्या. धुऊन झाल्यावर त्यात पेटता निखारा टाकला आणि गरागरा फिरवला.

"काय राहिलं होतं, काकू?"

"साबणाचा वास गं. दुसरं काही नाही हो."

आणि मी काय केलं? हसले! "हो ना, फार वास येतो," म्हणाले. त्या हसण्यासाठी स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. गावात निदान विटाळ तोंडावर सांगायचे.

आठवड्याभरात काकू वाटी घेऊन दारात. "तुझी ती पावडर दे ना थोडी. कपबशा छान निघतात म्हणे." माझी पावडर चालते, माझा हात चालत नाही! आणि मी वाटी भरून दिली, शिगोशीग.

वर्षभर आतल्या आत उकळत होते. पुढच्या बुद्धजयंतीला पुन्हा तेच पातेलं मागितलं. नवरा म्हणाला, "कशाला? आपलं विकत घेऊ की." म्हटलं, नाही, तेच पाहिजे. खीर झाली, वाटून झाली, आणि बुडाला लागलेल्या तांदळासकट पातेलं काकूंच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं.

"अगं, हे काय? घासलं नाहीस?"

"तुम्ही घासणारच आहात, काकू. एका भांड्यामागं दोघींनी कशाला राबायचं?"

 काकूंनी पातेलं उचलून आत नेलं.

घर कुठलं म्हणून विचारता ना? माहेर भाजं, ते आहेच. पण त्या दिवशी मी क्वार्टरात आले आणि दार धाडकन आपटलं. तोवर तिथं अंग चोरून राहत होते. पाहुणी दार आपटत नाही.