रविवारचा ओव्हरटाइम

गरम भजी पुढ्यात आली की ते पहिला घास हातातच धरून खिडकीबाहेरचं ऊन बघायचे आणि म्हणायचे, "दादा आत्ता कांद्याला पाणी भरत असेल." मग भजं खायचे, पण चोरून खाल्ल्यासारखं. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सुखाची आधी कसून चौकशी करणारा आणि मग त्याला दारातच उभं ठेवणारा.

सत्तरच्या दशकात ते आमच्या सातपूरच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. गाव नामपूर. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, शाळा सोडून शेत धरलं आणि यांना नाशिकला शिकायला पाठवलं.

आणि अशा माणसाला छंद तरी किती! शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो की गुलाबाला डोळे भरून कलमं करणं, बंद पडलेले रेडिओ उघडणं. एकदा रद्दीच्या दुकानात इंग्रजी मासिक मिळालं आणि त्यातली कयाक नावाची निमुळती होडी डोक्यात शिरली. बांबूच्या कामट्या, त्यावर ताडपत्री, वरून डांबर. कॉलनीतले विचारायचे, "काय हो, तिरडी कुणाची?" ओळखीच्या टेम्पोवर बांधून आम्ही ती गंगापूर धरणावर नेली. ती तरंगली, तेव्हा सगळ्यात जास्त नवल आम्हा दोघांनाच वाटलं. पुढे मी, मागे ते. पुढे प्रत्येक रविवार पाण्यावरच जाऊ लागला.

पंचाईत होती ती दादाला काय सांगायचं याची. कांदे काढायला ये, असा त्याचा निरोप आला, तेव्हा यांच्या तोंडून निघून गेलं, "रविवारी ओव्हरटाइम असतो." दादा पडला भोळा सांब. पुढच्या खेपेला तो स्वतः एसटीने लाडवांचा डबा घेऊन आला. "रविवारलेबी सुटी नही? भाऊ, तब्येत सांभाळ," म्हणाला. त्यानंतर त्याने यांना कधी शेतावर बोलावलं नाही. यांच्या वाटचं कामही स्वतःच उपसू लागला. ते लाडू धरणावर उघडले जायचे, पण खायचो मी एकटा. यांच्या घशाखाली उतरत नसत.

एकदा दिवाळीच्या तोंडावर सकाळी लव्हाळ्याजवळून जाताना पाण्यातून शिट्टीसारखा आवाज आला. समोर चार-पाच काळी डोकी वर आली. पाणमांजरं! आम्ही वल्ही उचलून गप्प राहिलो. त्यातलं थोरलं बुडी मारून मासा आणी, खडकावर टाकी. पिल्लं तो हिसकावून घेत आणि ते पुन्हा पाण्यात शिरे. एका पिल्लाने तर माशासकट कोलांटी खाल्ली. हे मोठ्याने हसले. इतके मोकळे हसलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग एकदम थांबले.

"बघितलंत? त्याने स्वतः एक घास खाल्ला नाही."

"अहो, खाईल मागाहून. तुम्ही का उपाशी?"

"नाही, या दिवाळीत दादाला खरं सांगून टाकतो. इथे आणून हे दाखवतो."

दादा अंगाने रुंद, म्हणून त्यांनी पुढची बैठक मोडून ऐसपैस केली. मी तिच्यात दोन्हीकडे हलायचो. दिवाळीत पाहुणे होते, संक्रांतीला धीर झाला नाही. "कांदे निघाले की सांगतो," म्हणाले.

कांदे काढताना एका रविवारी दादाच्या छातीत दुखू लागलं. पुतण्या कारखान्यात फोन करायला निघाला, तर दादानेच त्याला अडवलं. "आज रविवार शे, भाऊले काम शे. उद्या सांगा." संध्याकाळी दादा गेला. त्या दिवशी आम्ही दोघं धरणावर होतो, पाणमांजरं पुन्हा दिसतात का बघत. सोमवारी सकाळी पुतण्याचा फोन आला आणि सगळं कळलं. फोन ठेवून ते तसेच नामपूरच्या एसटीला धावले. मला फार वाईट वाटलं.

होडी त्यांच्या गॅलरीत टांगली गेली, ती कधीच उतरली नाही. गुलाब वाळले. आता ते स्वतःही नाहीत. मला मात्र आठवणीत ते दिसतात ते पाण्यावर नाही. दादा गेल्यानंतरच्या एका रविवारी विसरलेली छत्री आणायला कारखान्यात गेलो होतो. रिकाम्या हॉलमध्ये ते आपल्या ड्रॉइंग बोर्डासमोर बसले होते. बोर्डावर कागदही नव्हता. वॉचमन म्हणाला, "साहेब दर रविवारी येतात."

"अहो, काय काम काढलंत?" मी विचारलं.

"काम काही नाही," ते म्हणाले. "दादाला सांगितलंय ना, रविवारी मी इथे असतो."