दोन मजल्यांवर एकच वकील

मोठ्या वकिलांच्या हाताखाली नऊ वर्षं घासल्यावर बाईंनी शिंप्याच्या दुकानावरची खोली घेतली आणि स्वतःची वकिली थाटली. टायपिंग, झेरॉक्स, युक्तिवाद, सगळं एकटीनंच. एके दिवशी कोर्टात तळमजल्यावर आणि तिसऱ्या मजल्यावर दोन्हीकडे एकाच वेळी त्यांच्या दाव्यांचा पुकारा झाला. खालची उलटतपासणी आटोपून त्या धापा टाकत वर पोहोचल्या, तर वकील गैरहजर म्हणून दावा काढून टाकलेला.

दारात त्यांची अशील उभी होती. राहत्या घरासाठी सहा वर्षं भांडणारी म्हातारी नर्स.

"मी साहेबांना सांगितलं, आमच्या वकीलबाई जिन्यात आहेत. ते म्हणाले, जिन्यातली हजेरी धरत नाही."

बाईंना धड हसू येईना, धड रडू. "माझंच चुकलं, मावशी. हवं तर दुसरा वकील बघा."

"आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगत बसू? काय लिहायचं ते लिहा आता."

चडफडत बाई तिथल्याच बाकावर बसल्या आणि दावा पुन्हा चालवायला घेण्याचा अर्ज हातानंच लिहू लागल्या. पहिल्याच ओळीत खाडाखोड झाली. त्यांनी कागद टराटरा फाडला, दुसरा घेतला.

अर्ज मंजूर झाला, पण त्यात पाच महिने गेले.