मिठाची पिवळी रेघ

"आधी हात धुऊन ये!"

कुसुमआत्या आज पहाटे गेली, आणि सगळ्यात आधी आठवली ती तिची ही ओरड.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पन्नासच्या दशकात चिंचवडच्या एका कारखान्यात धातू तपासायची लॅब होती, तिथे ती केमिस्ट. पांढऱ्या कोटाखाली सुती साडी. मला तर ती राणीच वाटायची.

वर्षातून एकदा कामगारांच्या घरच्यांना कारखाना दाखवायचे. मशीन, बाग, चहा-भजी. लॅब मात्र बंद.

आत्या साहेबांकडे गेली. "मला एक टेबल द्या. मी बायकांना स्पेक्ट्रोस्कोप मराठीत समजावते."

"स्पेक्ट्रोस्कोप? मराठीत?" साहेब हसले. "करा ट्राय. पण बायका कंटाळल्या, तर पुढच्या वर्षी लॅबला पुन्हा कुलूप."

आत्याची एक पद्धत होती. कुठलाही शब्द आधी हौसाबाईंवर तपासायचा. त्या थेरगावहून आमच्याकडे दूध घालायच्या. आत्यानं लॅबमधला छोटा स्पेक्ट्रोस्कोप घरी आणला, हातात धरायची नळीच ती.

"हौसाबाई, प्रत्येक वस्तू जळताना आपापले रंग दाखवते. ते ओळीनं मांडले की वर्णपट."

"बरं. आन् ही नळी?"

"डोळा लावून बघायचं, तो वर्णपटदर्शक. लॅबमध्ये मोठं यंत्र आहे, ते काचेवर फोटो उमटवून ठेवतं. तो वर्णपटलेखक."

"म्हंजी ह्यो नुसता बघनार, आन् त्यो तलाठ्यावानी लिव्हून ठेवनार."

आत्या खूश! शब्द पक्के झाले.

कारखाना दाखवायच्या दिवशी लॅबमध्ये आत्याच्या टेबलाभोवती ही गर्दी. आत्यानं मुद्दाम बोलावलेल्या हौसाबाई सगळ्यांत पुढे.

आत्या म्हणाली, "ही तार स्वच्छ आहे. ज्योतीत धरली तरी काही दिसणार नाही. मग मिठात बुडवू, की पिवळी रेघ दिसेल."

तेवढ्यात साहेब आले. "मी धरतो," म्हणत त्यांनी तार चिमटीत घेऊन सरळ केली आणि ज्योतीत धरली.

हौसाबाईंनी नळीला डोळा लावला. "ताई, पिवळी रेघ दिसतीय की!"

मीठ तर अजून लावलंच नव्हतं.

बायकांत कुजबुज. साहेब म्हणाले, "इन्स्ट्रुमेंट बिघडलंय, मिस."

मी आत्याकडे बघितलं.

आत्या शांत. "वर्णपटदर्शक बरोबर सांगतोय, सर. तुमच्या बोटांना मीठ आहे."

हौसाबाई म्हणाल्या, "सायेब, भजी खाऊन हात न्हाई धुतला व्हय?"

अख्खी लॅब हसली. साहेब तर सगळ्यांत जास्त. मग प्रत्येकीला स्वतःचं बोट तारेला लावून बघायचं होतं. संध्याकाळपर्यंत रांग संपली नाही.

पुढच्या वर्षी लॅबच्या दारावर साहेबांनी स्वतः पाटी लावली: वर्णपटदर्शक पाहण्यापूर्वी हात धुवावेत.

नंतर कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी स्पेक्ट्रोग्राफ शिकवला. मनात म्हटलं, अरे, हा तर आपला तलाठी!

आज चहाला गॅस पेटवला. हात धुतले, कोरडे केले. मग मुद्दाम चिमूटभर मीठ ज्योतीवर सोडलं.

निळ्यात पिवळं लखलखलं.

आत्या, हात धुतले होते गं.

जा आता निवांत.