लाइनीवरची सायकल

माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक सायकलीबद्दल दोनच गोष्टी विचारतं: पळते कशी आणि दिसते कशी. "हिच्यावर बसल्यावर हाताला काय कळतं?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान.

भाऊजी पाणीपुरवठ्यात लाइनमन. टेकडीवरच्या टाकीपासून शहरापर्यंत जमिनीखालून मोठा पाइप येतो आणि त्याच्यावरून खडीची अरुंद वाट उतरते; तिलाच लाइन म्हणतात. रोज सकाळी सायकलवरून ती वाट उतरायची आणि गळती शोधायची, हे त्यांचं काम. पाणी वर आल्यावर गळती कुणीही दाखवेल. भाऊजींना ती आधीच कळायची. खडीवरून चाक चाललं की हँडलमधून बारीक थरथर तळहाताला लागत राहते. खाली पाणी मुरलेलं असलं की तेवढ्या जागी ती थरथर थांबते. तिथे हे उतरणार, काठीला बांधलेलं लाल फडकं रोवणार आणि खोदणाऱ्यांना फोन करणार. ऑफिसात त्यांना गळतीमास्तर म्हणत आणि त्यांना ते आवडायचं.

पण तीव्र उतारावर एकदा सायकल घसरली आणि ते मानेवर आपटले. मानेतला मणका सरकला. बरेच महिने पट्टा लावून पडून काढले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी एक जोराचा हादरा बसला तर हातपाय कायमचे जातील. साहेब भला माणूस. तो म्हणाला, "हवी ती सायकल सांगा, ऑफिस देईल. सोमवारपासून लाइन उतरता आली तर ठीक, नाहीतर तक्रारींच्या खिडकीवर बसा." खिडकी म्हणजे भाऊजींना जिवंतपणी फोटोत बसवल्यासारखं होतं. घरातसुद्धा हा माणूस खुर्चीवर फक्त जेवणापुरता टेकायचा.

म्हणून रविवारी सकाळी ताई आणि भाऊजी माझ्या दुकानात भांडत होते. मी तीन सायकली ओळीने लावल्या होत्या. एक बिनशॉकअपची, अगदी त्यांच्या जुन्या सायकलीसारखी. दुसरीला फक्त पुढे शॉकअप. तिसरीला दोन्हीकडे.

"दोन्हीकडचे. विषय संपला," ताई म्हणाली.

"अगं, शॉकअप म्हणजे हाताला मोजे घातल्यासारखं. खालचं काही कळणारच नाही!"

"मग मधली घ्या."

"मधलीत पुढेच तर शॉकअप आहे. म्हणजे हाताचं कळणं बंद, आणि मागचे दणके सरळ मानेत. दोन्हीकडून नुकसान!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत होती. खरं सांगायचं तर मला दोघांचाही राग आला होता. एकाला मान दिसत नव्हती आणि दुसरीला माणूस. शेवटी मी म्हटलं, "दोन्हीकडे शॉकअपवालीवरून भाऊजी लाइन उतरतील. मी त्यांच्या जुन्या सायकलवर मागून येतो. मग बघू." ताईने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं तिने बोलायची गरज नव्हती. काही झालं असतं तर मला बहीण उरली नसती.

टाकीपासून आम्ही सुटलो. भाऊजी पुढे. पट्ट्यात मान ताठ, पण पाठ सैल, आणि ती नवी सायकल दगडांवरून लोण्यासारखी चाललेली. मी मागे दातावर दात आपटत होतो. तीव्र उतार आला तेव्हा मी श्वासच धरला. भाऊजी अलगद उतरले. मला हसू फुटलं. सुटलो, म्हटलं.

आणि तेवढ्यात माझ्या हातातलं हँडल गप्प झालं.

मी काही गळतीमास्तर नाही. पण इतका वेळ मुंग्या आलेल्या हाताला ते कळल्यावाचून राहिलं नाही. दोन-तीन हात जागा, मग पुन्हा खडखड. भाऊजी त्या जागेवरूनच गेले होते आणि थांबले नव्हते. सांगितलं तर हा माणूस पुन्हा कडक सायकलवर बसणार. नाही सांगितलं तर खाली पाइप फुटणार. मी ओरडलो, "भाऊजी, थांबा! मागे गळती आहे!"

ते चालत वर आले. चेहरा उजळलेला. "बघ! सांगत होतो ना, मोजे! कुठे आहे ते दाखवू नकोस. पुढचा शॉकअप बंद होतो ना? कर. मागचा राहू दे."

मी पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरची कळ फिरवली. युक्ती झकास होती, मला का सुचली नाही कोण जाणे. ते वरच्या वळणापासून पुन्हा आले. मी जागेपासून लांब, खालच्या बाजूला उभा राहिलो. चाक त्या जागेवरून गेलं. भाऊजी थांबले नाहीत.

"हिची टायरं जाड आहेत," ते म्हणाले. "माझी दे."

"नाही. ताई मला उभा चिरेल."

"मी हळू येतो. दे म्हणतो ना!" इतक्या चढ्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी सायकल दिली.

ते अगदी चालीच्या वेगाने आले. डोळे अर्धे मिटलेले, हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. प्रत्येक दगडाला मान हलत होती. जागा आली. पुढचं चाक गेलं, मागचं गेलं. ते माझ्यापर्यंत येऊन थांबले आणि म्हणाले, "अजून किती पुढे आहे रे?"

हल्ली ताई त्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. मानेच्या पट्ट्यामुळे त्यांना खाली दिसत नाही म्हणून, असं आम्ही सगळे समजत होतो.

"मागे गेलं, भाऊजी," मी म्हणालो. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायची छाती नव्हती.

त्यांनी सायकल आडवी ठेवली. तळहात एकमेकांवर घासले, मग पँटीवर. मग मला जागा दाखवायला लावली, स्वतःच्या हाताने फडकं रोवलं आणि खोदणाऱ्यांना फोन केला. आवाज नेहमीसारखा खणखणीत. फोन खिशात घालायला मात्र त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

खाली उतरताना आम्ही दोन्ही सायकली हातात धरून चालत होतो. "ताईला मी सांगेन," ते म्हणाले. "तू मध्ये तोंड घालू नकोस."

"बरं." आणि मग काहीतरी बोलायचं म्हणून मी मूर्खासारखं विचारलं, "साहेबांना कुठली सायकल कळवू?"

"ऑफिसापर्यंत सरळ डांबरी रस्ता आहे," भाऊजी म्हणाले. "कुठलीही चालेल."