पाणी लागलं

बीड जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान बोट माझ्या साडूंची आहे, आणि ती आजवर स्वतःच्या बळावर हातभरही पुढे सरकलेली नाही. पहिलं विधान त्यांचं, दुसरं आम्हा सगळ्यांचं. तलवाड्यात त्यांचं मोटार-पाइपचं दुकान आहे. जन्मभर विहिरीतून पाणी वर काढणारी यंत्रं विकलेला हा माणूस पन्नाशीत पाण्यावरून धावणाऱ्या यंत्राच्या नादी लागला. कोकणातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टची स्पीडबोट त्यांनी ट्रकवर घालून आणली. ती वेशीतून आत येताना पाहून लोकांना वाटलं, निवडणूक लागली; बऱ्याच जणांनी हातही हलवले.

कारण घरातलंच होतं. आमच्या दोघांच्या सासूबाईंचं सासरगाव माजलगावच्या धरणात गेलेलं. एकदा आम्हाला जेवायला वाढताना त्या म्हणाल्या, "एकदा त्या पाण्यावर जाऊन देवीची वटी भरून यावं वाटतं." मासे धरणाऱ्या कुणाच्याही होडीतून हे काम एका सकाळीत झालं असतं. साडूंनी ताटावरच शब्द दिला. "होडीत कावून, मामी? मी नेतो की. अशी नेतो, पदर हवेत उभा ऱ्हाईल." आमच्याकडे सासू जावयाचा शब्द खाली पडू देत नाही. त्या थांबल्या.

इंजिन मुळात ठीक होतं. पण साडूंना ठीक चालत नाही. त्यांनी ते खोललं आणि वॉलच्या झडपांची उघडझाप करणारा सगळा गोतावळा, म्हणजे झडप उचलणारा कॅम, टॅपेट, पुशरॉड, रॉकर आणि ती परत बसवणारी स्प्रिंग, बाहेर काढून टाकला. मग एकेका भागासाठी ते स्थळं पाहत फिरू लागले. औरंगाबादचा कॅम बुटका निघाला, पुण्याच्या स्प्रिंगा नाजूक निघाल्या, एका रॉकरच्या घराण्याबद्दल चांगलं ऐकू आलं नाही. धूर बाहेर सोडणारे वॉल त्यांनी खाऱ्या पाण्याला टिकणारे मागवले. समुद्र इथून कुठे आहे, असं मी विचारलं. "पाण्याचं काय सांगावं," ते म्हणाले. कपिलधारच्या यात्रेला गेले तेव्हा निवडलेला कॅम टॉवेलात गुंडाळून बरोबर नेला आणि समाधीपुढे टेकवून आणला. शेजारच्या बाईने बाळ समजून टॉवेलाचा कोपरा उचलून पाहिला होता.

पुढेपुढे माणसंही त्यांना इंजिनासारखी दिसू लागली. लग्न ठरवायच्या बैठकीत त्यांनी नवरदेवाबद्दल मत दिलं, "पोरगं हलक्या स्प्रिंगचं हाय. वेग वाढला की वॉल तरंगतो, बसत न्हाई." स्थळ मोडलं. तालुक्याचे पुढारी दुकानात येऊन तासभर बोलून गेले तर म्हणाले, "टॅपेट लई वाजतंय. उचलत काईच न्हाई." मी एकदा जीपचे भाग घालून मोकळे व्हा असं सुचवलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जीप घाट उतरताना दम खाती, साडूभाऊ. बोटीला उतार नसतो. तिला कायम चढच."

यात पावसाळे गेले. इंजिन जुळलं तेव्हा धरणात पाणी नव्हतं. धरण भरलं तेव्हा इंजिन पुन्हा खोललेलं होतं. एका उन्हाळ्यात तर धरण इतकं आटलं की बुडालेलं गाव उघडं पडलं. देवळाच्या पायऱ्या दिसतात अशी बातमी मीच माझ्या साप्ताहिकात छापली. माणसं चालत जाऊन नारळ फोडून येत होती. सासूबाईंचे गुडघे तेव्हा चालत होते. त्यांनी पिशवीत खण-नारळ भरला, तसे साडू आडवे आले. "पायी कावून, मामी? माझी स्प्रिंग निघाली हाय चेन्नईहून." पिशवी पुन्हा खुंटीला गेली.

अखेर धरण आणि इंजिन एकदाचे एकाच वेळी भरले. आता सासूबाईंना खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवावं लागलं. पिशवी मांडीवर होती. साडूंनी शेवटी सगळ्यात उंच कॅम घातला होता. बोट काठापासून थोडी आत ढकलून त्यांनी इंजिन चालू केलं. आवाज म्हैस खाकरावी तसा. निघायच्या आधी काठावरच्या लोकांनी नीट ऐकावं म्हणून त्यांनी ते बराच वेळ तसंच संथ ठेवलं. इंजिनाने दोन आचके दिले आणि मान टाकली. साडूंनी प्लग खोलला. आतून धरण बाहेर आलं.

"पाणी लागलं," ते ओरडले.

आमच्या भागात या शब्दांचा एकच अर्थ होतो. काठावरून विचारणा आली, "किती फुटावर?"

साडूंनी बोटीत उभं राहून खुलासा केला, तोही अभिमानानेच. बोटीचा धूर आणि थंडाव्याचं पाणी एकाच नळीतून बाहेर पडतं. उंच कॅममुळे आतले-बाहेरचे वॉल क्षणभर एकदमच उघडे राहतात, आणि इंजिन संथ असलं की ते पाणी उलटं आत ओढतं. "पळवलं असतं तर लागलं नसतं. मोठा कॅम सावकाशीला न्हाई."

शेवटी जाळी टाकायला आलेल्या एका कोळीदादांनी दोर बांधला आणि आपल्या होडीमागे आमची ओढून नेली. वल्ह्याच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. साडू इंजिनावर ओणवे होते. वाटेत एकदा पुन्हा चालू करून बघतो म्हणाले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, जावईबापू. बैलगाडीतून नवरी होऊन आले तवा अशीच आलते. समदं दिसत गेलतं." मग खालच्या मातकट पाण्याकडे बोट दाखवत त्या सांगत गेल्या: इथं पार, इथं आड, ही आमची गल्ली. एका जागी दादांना थांबायला सांगून त्यांनी खण-नारळ पाण्यात सोडला. पदर हवेत उभा राहिला नाही. त्यांनी तो डोळ्यांना लावला.

त्या वर्षी संक्रांतीआधी सासूबाई गेल्या.

परवा तलवाड्याला गेलो तर साडूंच्या गल्ल्याशेजारी टॉवेल दिसला. उलगडला, तर नवा कॅम, बुटका. ज्या जातीचा पूर्वी त्यांनी हातात धरून परत पाठवला होता, त्याच जातीचा.

"हा लई सावकाश चालतो," ते म्हणाले. "पाणी न्हाई ओढत."

आता न्यायला कुणी नव्हतं. त्यांनी टॉवेल पुन्हा नीट गुंडाळला.